निळ्या कॅरेटखालची चार अंडी

मित्रांनो, मी एक जुना, निळा, एका कोपऱ्यात फुटलेला कॅरेट आहे. फळं भरायचा प्लास्टिकचा जाळीदार खोका तुम्ही बाजारात पाहिला असेल, तोच मी. माझ्यासारखा भित्रा कॅरेट मात्र तुम्ही पाहिला नसेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो ब्रह्मराक्षस जन्मापासून माझ्या पाठीशी आहे.

माझा जन्म नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला. एका कारखान्यात मला वितळवलं, तापल्या साच्यात दाबलं आणि बाहेर ओढलं. त्या साच्यातला अंधार आणि ती धग मी कधीच विसरलो नाही. तेव्हापासून मला उष्णतेची भीती वाटते. आणि नशीब बघा, राहायला मिळालं तेही उन्हाने भाजणाऱ्या खानदेशातच!

पुढे मी जळगावला इसाकभाईंकडे आलो. इसाकभाई केळीचे व्यापारी. त्यांचं घर पिंप्राळ्यात आणि माल ठेवायची जागा घरामागेच. मी केळी वाहिली. ट्रकमध्ये माझ्यावर कॅरेट रचत, त्यावर आणखी कॅरेट रचत, आणि प्रत्येक खड्ड्यात मला वाटे की आता मोडलो. उन्हाळ्यात इसाकभाई आमच्यावर ओली गोणपाटं टाकत. तेवढाच जिवाला गारवा. "हा निळा मजबूत आहे," असं ते एकदा म्हणाले होते. ते कौतुक मी जपून ठेवलं आहे, कारण दुसरं मिळालं नाही.

मग माझा कोपरा फुटला. भंगाराच्या ढिगाशेजारी पावसात, उन्हात पडून राहिलो. भंगारवाला गल्लीत ओरडला की मी थरथरायचो. भंगार म्हणजे पुन्हा वितळणं, पुन्हा तो साचा.

मला उचललं ते इसाकभाईंच्या लेकीने. जैनब तिचं नाव. ती शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून तापीकाठी फिरते. जळगावहून चोपड्याला जाताना तापीचा पूल लागतो. त्या पुलाखाली उन्हाळ्यात वाळू उघडी पडते आणि त्या वाळूत चिखल्या नावाचे चिमुकले पाणपक्षी अंडी घालतात. घरटं कसलं, वाळूतली वाटीएवढी खळगी! अंडीही वाळूच्याच रंगाची. माणसाचा पाय पडतो, ट्रॅक्टरचं चाक जातं, कुत्री तर वास काढतच येतात. जैनब आणि तिचे पक्षीमित्र ती घरटी शोधतात आणि राखतात. पगार नाही, मान नाही, वर ऊन.

"अब्बा, हा फुटका मी नेऊ?" तिने विचारलं.

"ने बेटा. पण यात काय भरणार?"

"भरायचं काही नाही. उलटा ठेवायचाय."

तिच्या गटातल्या प्रेमराजभाऊंनी करवतीने माझ्या दोन बाजूंना खालच्या अंगाला एकेक दार कापलं. चिखल्या जाईल, पण कुत्र्याचं तोंड जाणार नाही, एवढंच. मला नदीचा चिखल फासला, म्हणजे माझा निळा रंग कुणाच्या डोळ्यांत येऊ नये. मग मला चार अंड्यांवर उलटं ठेवलं आणि डोक्यावर दगड दिले.

मित्रांनो, तेव्हा माझी जी गाळण उडाली! आजवर मी माझ्यापुरता घाबरत होतो. आता माझ्या पोटाखाली चार जीव होते. चिखल्या दारातून आत आली, पिसं फुलवून अंड्यांवर बसली आणि तिच्या गळ्यावरचा काळा पट्टा मला जवळून दिसला. पहिल्याच संध्याकाळी कुत्रा आला. त्याने माझ्यावर पंजा मारला, दारात नाक खुपसलं, धाप टाकली. मला काळीज नाही, पण असतं तर त्याचं पाणी झालं असतं. तरी मी हललो नाही. खरं सांगायचं तर शौर्याने नाही, डोक्यावरच्या दगडांमुळे.

जवळच वाळूत पुष्पाबाईंची डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती. नदी आटली की त्या वाळूत चर खणून डांगराचे वेल लावतात. जैनब त्यांना जाताना सांगून गेली, "अक्का, जरा लक्ष ठेवा." पुष्पाबाईंनी ते मनावर घेतलं. येता-जाता कुत्र्यांना ढेकळं मारू लागल्या. मला वाटलं, आता भिण्याचं कारण उरलं नाही.

मे महिना होता. एका दुपारी वाळूवरून लू, तो भाजणारा वारा, वाहत होती. नर पाण्यावर गेला होता आणि मादी अंड्यांवर चोच वासून धापा टाकत होती. पुष्पाबाई वाकून बघायला आल्या आणि ती भुर्रकन उडून गेली.

"माय वं, कसं तोंड वासी ऱ्हायनं ते पाखरू! उनमा भाजाई जाई," त्या कळवळून म्हणाल्या.

त्यांनी गोणपाट पाण्यात बुडवलं आणि माझ्यावर चारी बाजूंनी नीट पांघरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर दगडही ठेवले. अंगावर गार पाणी ओघळलं आणि मला इसाकभाईंची आठवण आली. मग माझ्या लक्षात आलं. माझी दोन्ही दारं बंद झाली होती.

पुष्पाबाई डांगरांची पाटी घेऊन विकायला पुलावर गेल्या. चिखल्या परतली. माझ्याभोवती धावली, थांबली, पुन्हा धावली. पीऊ, पीऊ असं ओरडू लागली. मग नरही आला. त्याचं पोट ओलं होतं, अंड्यांना गारवा द्यायला तो भिजून आला होता. पण आत येणार कुठून? मी ओरडणार कसा?

गोणपाट पाहता पाहता सुकलं. आता वारा नाही, सावली असून गारवा नाही. माझ्या पोटातली हवा तापू लागली. मित्रांनो, ती धग माझ्या ओळखीची होती. नरडाण्याचा तो साचा! फरक इतकाच की आता साचा मीच होतो आणि आत ती चार अंडी होती. एवढा मी कुत्र्याला घाबरलो नाही, भंगारवाल्याला घाबरलो नाही, जेवढा त्या दुपारी स्वतःला घाबरलो. बाहेरचे आवाज हळूहळू दूर जाऊ लागले. पाखरं कंटाळून निघून तर जाणार नाहीत ना?

तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. वाळूतून जैनब धावत आली. आणि पाठोपाठ रिकामी पाटी घेतलेल्या पुष्पाबाई.

"अक्का, हे गोणपाट कोणी टाकलं?"

"मीच टाकं. केळीले टाकतस, मटकाले गुंडाळतस, मंग पाखरूले काबर नही?"

"पण दार बघा ना अक्का. ती आत जाणार कुठून?"

पुष्पाबाईंच्या हातातली पाटी गळून पडली. "दार बंद करी दिधं का वं मी? मन्हा हातनं पाप व्हयनं!"

"तुमचं नाही. दाराचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं," जैनब म्हणाली. तिने गोणपाट ओढून काढलं आणि पुष्पाबाईंचा हात धरून त्यांना लांब नेलं. माणूस जवळ असेपर्यंत पाखरू येत नाही. दोघी वेलांमागे डोक्यावर पदर-ओढणी घेऊन बसल्या.

आधी नर आला. दारापाशी थबकला. त्याला माझी भीती वाटत होती आणि ते बरोबरच होतं. मग तो आत शिरला, ओलं पोट अंड्यांना लावून बसला. वेलांमागून पुष्पाबाईंच्या रडण्याचा आवाज आला.

काही दिवसांनी तीन पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, आणि निघताच पळायला लागली! चौथं अंडं तसंच राहिलं. चिखल्या पिल्लांना घेऊन पाण्याकडे गेली आणि ते अंडं माझ्या पोटाखाली एकटं उरलं. जैनब मला न्यायला आली तेव्हा तिने मला लगेच उचललं नाही, आधी दारातून त्या अंड्याकडे बघत बसली.

आता मी म्हातारा झालो आहे. उन्हाने माझं प्लास्टिक कडकडीत झालं आहे, बोट लावलं तरी तडा जाईल. तरी दर उन्हाळ्यात जैनब मला तापीवर नेते. भीती काही गेलेली नाही. पण मित्रांनो, नदीकाठी पाखराचं घरटं दिसलं तर तुम्हीही थोडं भ्या. मायेने हात पुढे करण्याआधी लांब थांबा, जाणत्याला विचारा.

पुष्पाबाई आता तसंच करतात. ओलं गोणपाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्या भर दुपारी लांब वाळूत बसतात आणि कुत्र्यांवर नजर ठेवतात. उठून जाण्याआधी डोळे बारीक करून माझ्या दाराकडे बघतात आणि तिथूनच मला विचारतात,

"वाट मोकळी शे ना रे भाऊ?"