डब्यातलं पाखरू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मुंगीच्या मिशासुद्धा स्पष्ट दिसाव्यात असं भिंग मला लावलेलं आहे. देवपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या भाईदास सरांनी १९८६ साली मला विकत घेतलं. दर रविवारी मी त्यांच्या गळ्यात लटकून रानात जाई. मी टिपलेले किडे, सुरवंट बघायला मुलं बाकांवर चढत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

आज सांगतो आहे ते मात्र अभिमानाचं नाही.

साक्रीच्या डोंगरातल्या एका पाड्यावर धुरपदाबाई राहत. मला घेतल्यावर तीन वर्षांनी, श्रावणात, त्यांनी आम्हाला घरामागच्या झाडावर बसलेला एक पतंग दाखवला. तळहाताएवढा, फिकट पोपटी, मागे दोन लांब शेपट्या. बाई त्याला पाखरू म्हणत.

"मास्तर, त्याले हात लावू नका," त्या म्हणाल्या. "अंडा घालाले बठेल शे."

"नाही लावत, अक्का."

बाई सरपणाला गेल्या. वारा सुटला होता, पतंग हलत होता आणि फोटो नीट येत नव्हता. सरांनी थर्मासमधून बर्फ आणला होता. थंडीने किडे सुस्त होतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पतंग अलगद डब्यात घातला, डबा बर्फात ठेवला आणि ढग सरून उजेड यायची वाट पाहत बसले. अर्ध्या तासाने डबा उघडला, तेव्हा पतंग मेला होता.

तरीही सरांनी तो खोडावर टेकवून ठेवला आणि मला डोळ्याला लावलं. मी तो फोटो काढला. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुबक फोटो तोच.

बाई परतल्या. "उडी गयं का?"

"उडालं," सर म्हणाले.

त्या फोटोला जळगावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. खाली लिहिलं होतं, 'साक्रीच्या रानातील जिवंत पतंग'. बातमी ऐकून आपल्या झाडावरचं पाखरू बघायला धुरपदाबाई एस.टी.ने एवढ्या लांब आल्या. बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, हाई तं मरेल शे. पाय दखा. जित्तं पाखरू झाड घट्ट धरस."

सरांची मान खाली गेली. "अक्का, मी खोटं बोललो."

"अंडा घाल्यात का त्यानी?"

"नाही."

त्या निघून गेल्या. सरांनी त्याच दिवशी परीक्षकांना खरं सांगितलं, फोटो उतरवला आणि बक्षीस परत केलं. पुढे ते पाड्यावर दोनदा गेले. बाईंनी पाणी दिलं, पण पतंग कुठे बसतात ते पुन्हा कधी सांगितलं नाही.

नंतर सर मला क्वचितच बाहेर काढत. आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. त्याची मला तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या हाती कॅमेरा आला, तर एवढंच करा. वारा थांबला नाही, पाखरू हललं, फोटो हुकला, तर हुकू द्या. रिकाम्या हाताने घरी जा. त्या झाडावर अंडी असतील.