साबणाचा ताव

लोखंडाशी मिस्त्रींचं आयुष्यभर जमलं, ॲल्युमिनियमशी मात्र पहिल्या दिवसापासून वाकडं. "हा काय धातू झाला?" ते म्हणायचे. "कितीही तापवा, लाल म्हणून होत नाही. आणि मग न सांगता एकदम वितळून खाली! लोखंड निदान चिडलंय हे दाखवतं तरी."

त्यांची मुलगी यावर हसायची. लहानपणापासून तिला सगळे ठिणगी म्हणत. वेल्डिंगमध्ये तिचा हात बापाहून सरस होता, आणि हे बापच येईल त्याला ऐकवायचा. पण नुसत्या कौतुकाने शेड चालत नाही. ट्रकवर बसवायच्या लोखंडी हौद्यांची कामं आटली होती, आणि लांबच्या शहरातल्या एका कारखान्याने ठिणगीला बोलावलं होतं. अशात खडीवाल्याने आपल्या छोट्या टिपरसाठी ॲल्युमिनियमचा हलका हौदा मागितला. हौद्याचं वजन घटलं की तेवढी खडी जास्त नेता येते, एवढं साधं गणित.

"हा हौदा टिकला ना बाबा, तर मी कुठेच जात नाही," ठिणगी म्हणाली. "इथेच असले हौदे बांधू."

बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. मिस्त्रींचा जीव त्या एका वाक्यात अडकला.

हौद्याचा सगळा भार बरगड्यांवर असतो. त्या तळाखालून आडव्या जातात आणि दोन्ही बाजूंना वर वळून फळ्यांना धरून ठेवतात. पहिली बरगडी शिकंज्यात धरून वाकवली, तर कोपऱ्यावर चीर पडली. ठिणगीने ती बाजूला टाकली. "मोठ्या प्रेसवर वाकवून आणू. वेळ लागेल, लागू दे. पण याला आग दाखवायची नाही हं बाबा. याचं बळच जातं."

प्रेसवाल्याशी बोलायला ती बाहेर पडली, आणि इकडे खडीवाला दारात हजर. जमत नसेल तर सांगा, मी दुसरीकडे बघतो, असं तो अगदी गोड आवाजात म्हणून गेला. मिस्त्री उठून बरगड्यांपाशी गेले.

तरुणपणी ते भांड्यांच्या कारखान्यात होते. तिथली एक युक्ती त्यांना आठवली. बरगडीवर साबण चोळायचा, मग गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की ताव आला, तिथेच थांबायचं. त्यांनी तसंच केलं. बरगड्या लोण्यासारख्या वळल्या, एकीलाही चीर नाही. बळ गेलं असेल तर परत आणावं म्हणून त्यांनी त्या पाण्यात बुडवल्या. तापलेलं पोलाद पाण्यात घातलं की कडक होतं, ही त्यांची जन्माची विद्या. या धातूचा गेलेला ताठा मात्र असा पाण्याने परत येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. साबण धुऊन, पुसून त्यांनी बरगड्या ओळीने मांडल्या आणि लेकीची वाट बघत बसले.

ठिणगी आली ती बघतच राहिली. "कशा वाकवल्या?"

"थंडच. लांब पाईप घातला आणि अंगातला सगळा जोर लावला."

"आग नाही ना दाखवली?"

"तुझ्या गळ्याशपथ, नाही."

ती इतकी खूश झाली की तिने म्हाताऱ्याला मिठीच मारली.

हौदा देखणा झाला. ठिणगीचे वेल्डिंगचे टाके तर नजर लागावी असे. खडीवाल्याने शेडसमोरच पहिली खेप भरली आणि ती ओतून बघायला जॅक वर घेतला. हौदा अर्धा उचलला गेला आणि तळाने पोट सोडलं. बरगड्यांचे कोपरे उलगडले, बाजूच्या फळ्या बाहेर कलल्या, मागचा फाळका अडकून बसला. खडी जागची हलली नाही.

टाका एकही सुटला नव्हता. ठिणगीने खाली वाकून सगळं पाहिलं आणि खडीवाल्याला म्हणाली, "बरगड्या बारीक निवडल्या मी. माझाच अंदाज चुकला."

मिस्त्री शेजारीच उभे होते. चार माणसांसमोर त्यांनी तिला दोष घेऊ दिला. खडीवाल्याने हौदा उतरवला, कापला आणि भट्टीत पाठवला. दाखवायलाही काही उरलं नाही.

ठिणगीने कारखान्याला होकार कळवला. तिथे वेल्डिंगचं काम मिळत होतं. तिने ते नाकारून माल मोजायचं घेतलं. "माझ्या नजरेवर माझाच भरवसा राहिला नाही," ती बॅग भरताना म्हणाली. ते ऐकून मिस्त्रींना राहवेना.

"तुझं काही चुकलं नाही गं. मी आग दाखवली. साबण लावून, ज्योत फिरवून. माझ्यामुळे गेला तो हौदा."

ठिणगी हसली, किती दिवसांनी. "लहानपणी काच मी फोडायचे, आणि तुम्ही आईला सांगायचात, माझ्या हातून फुटली."

"हे तसं नाही. खरंच सांगतोय."

"बाबा, माझ्या गळ्याची शपथ घेतली होती तुम्ही. ती खोटी घ्याल तुम्ही?"

"घेतली," ते म्हणाले. "खोटी घेतली."

तिचे डोळे भरून आले. बॅग खाली ठेवून तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"इतकं खोटं बोलू नये बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठीसुद्धा."