लाल झालेला पाय

गोदामामागच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या टेबलावर सलूनवाले अप्पा आडवे. देह असा, की टेबल कुरकुरत होतं. मंत्राने पाय बरे करणाऱ्या लालबाबांनी त्यांचा जखमेचा पाय उशांच्या ढिगावर चढवला आणि डोळे मिटून घेतले.

"बघा. मरण उतरलंय पायात."

पाऊल हळूहळू पांढरंफटक पडलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात धरले. मग बाबांनी अप्पांना उठवून बसवलं, पाय रिकाम्या टबात सोडायला लावला आणि वरून हात फिरवत पुटपुटत राहिले. बघता बघता पाऊल लालबुंद.

"आलं रक्त. आता ऐका. डॉक्टर म्हणतात बारीक व्हा, चाला. अहो, चालून रक्त वाया जातं. आणि वॉर्डात आधी कोण जातं? बारीक माणूस. चरबी म्हणजे चिलखत आहे चिलखत."

लोक खूश. अप्पांना पटलं, सोबत आलेल्या त्यांच्या मुलीलाही. कारण वॉर्डात असताना अप्पांनी हे स्वतः पाहिलं होतं. शेजारच्या खाटेवरचा हाडांचा सापळा गेला, पलीकडचा गरगरीत माणूस हसत घरी गेला.

"आपण चिलखतवाले," म्हणत अप्पांनी हॉस्पिटलाने दिलेली पायाच्या ऑपरेशनची तारीख जाऊ दिली. खुर्चीत बसून राहिले, खात राहिले. अंगठा काळा पडायला लागला.

पोट आडवं यायचं, अप्पांना वाकता यायचं नाही. म्हणून पट्टी मुलगीच बदलायची. एकदा ती स्टुलावर बसली आणि त्यांचा पाय उचलून उंच उशीवर घेतला. पट्टी सुटेपर्यंत पाऊल पांढरं.

"खाली सोडू दे गं, ठणकतंय."

सोडला. थोड्या वेळाने लाल.

तिचा हात थांबला. "अप्पा, परत वर करा."

"कशाला उगाच?"

"करा ना."

पांढरं. खाली, लाल. खोलीत बाबा नव्हते, मंत्र नव्हता. तशीच ती अप्पांना घेऊन हॉस्पिटलात गेली.

"पायाची रक्तवाहिनी आतून बुजलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर चढायला रक्ताला जोर नाही. पाय लोंबकळला की ते खाली उतरतं आणि साठतं. हा लाल रंग बरं झाल्याचा नाही, आजार फार पुढे गेल्याचा आहे. तपासताना आम्ही हेच करून बघतो."

"पण बारीक माणसं आधी जातात ना? वॉर्डात अप्पांच्या शेजारचा तसाच गेला," मुलगी म्हणाली.

"काही आकड्यांत तसं दिसतं, खोटं कशाला बोलू? पण तो शेजारचा बारीक का झाला होता? आजाराने पोखरला होता त्याला. त्याला ज्याने बारीक केलं, त्यानेच मारलं. यांच्या वजनाने साखर वाढवली, चालणं बंद पाडलं. आता कापलं तर जखमही नीट भरायची नाही. तारखेला आला असतात तर पाय वाचवायला बघितलं असतं."

गुडघ्याखालून पाय कापावा लागला. टाके चिघळले, परत उघडावे लागले. घरी आल्यावर अप्पांनी आरशाकडे पाठ केली. मग एक दिवस म्हणाले, "मला त्या हॉलमध्ये ने."

तिने चाकाची खुर्ची ढकलत नेली. टेबलावर एक ट्रकवाला होता, पाय उशांवर.

"भाऊ, ह्या बाबांना जरा लांब उभं राहू दे," अप्पा म्हणाले. "तू उठून बस. पाय खाली सोड."

बाबा भिंतीशी होते. तरीही पाऊल लाल झालं.

"तुमची श्रद्धा कमी पडली, अप्पा," बाबा म्हणाले.

"पुरेपूर होती. कमी पडली असती तर पाय राहिला असता."

काहीजण उठले. काहीजण बसूनच राहिले, तेही सांगायला हवं. ट्रकवाला मात्र टेबलावरून उतरला.

"हॉस्पिटल लांब आहे का, ताई? मला थांबत थांबत चालावं लागतं. पोटरी धरते."

"थांबू की," मुलगी म्हणाली.

तुमचीही पोटरी चालताना धरत असेल, पायाची जखम भरत नसेल, तर रंगावर भाळू नका. डॉक्टरला दाखवा, दिलेली तारीख चुकवू नका. आणि कुणी म्हणालं की हे मी केलं, तर त्याला आधी बाजूला उभं करा. त्याच्याशिवायही तेच होतंय का, एवढंच बघा.