घोड्याचं औषध

सिहोऱ्यात कुणाच्या घरी साप निघाला की कमलेशला हाक जायची. तीन वर्षांपूर्वी धानाचे भारे बांधताना त्याला घोणस चावली होती आणि सापाच्या विषावरची दहा इंजेक्शनं घेऊन तो धडधाकट घरी आला होता. तेव्हापासून गावाने ठरवूनच टाकलं, की याला विष पचलं. कमलेशलाही ते पटलं. फुकटचा मान कोणाला नको असतो?

आज शेजारच्या ईश्वरच्या गोठ्यातली घोणस धरताना ती त्याच्या उजव्या हाताला डसली. हा पठ्ठ्या आपला ओट्यावर बसून चहा मागतोय!

"काही होत नाही मले. माह्यं अंग ओळखते तिले."

त्याच्या बायकोने, राखीने, एक ऐकलं नाही. ईश्वरच्या मोटारसायकलवर त्याला मधे कोंबलं, स्वतः मागे बसली आणि तुमसर गाठलं.

दवाखान्यात सलाईनमधून विषावरचं तेच औषध सुरू झालं. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. डॉक्टरीणबाईंनी सलाईन बंद करून मांडीत इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"विषानं झालं का हे?" त्याने विचारलं.

"नाही, औषधानं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात. मागच्या वेळी तुमच्या रक्तातल्या पेशींनी ते परकं म्हणून ओळखून ठेवलं असणार. आज दिसताच तुटून पडल्या."

"आन विष?"

"त्याच्यापासून वाचवतील एवढं काही त्या शिकल्या नाहीत."

ज्या अंगाच्या भरवशावर कमलेश तीन वर्षं साप धरत हिंडला, त्या अंगाने भलत्यालाच ओळखून ठेवलं होतं! त्याला स्वतःच्याच अंगाचा राग आला, आणि पहिल्यांदाच भीती वाटली. तो थुंकला, तर थुंकीत रक्त.

"विष चढतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच औषध पुन्हा द्यावं लागेल. हळूहळू देऊ, मी इथून हलणार नाही. या कागदावर सही करा."

"मारते तिले घरात घेते आन वाचवते त्याले हाकलते, असं कसं हे अंग?" कमलेश रडकुंडीला आला. "मले काही समजूनच नाही राहिलं. तुमी म्हनता घे, अंग म्हनते नको. कोनाचं आयकू?"

उजवा हात तर भोपळ्यासारखा सुजला होता. राखीने त्याचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"तीन वर्सं अंगाचं आयकलं तुमी," ती म्हणाली. "आता माह्यं आयका."