एक लांब, दोन आखूड

मित्रांनो, मी दाराच्या आतल्या बाजूला, छताखाली बसवलेली एक जुनी विजेची बेल आहे. माझं बटण बाहेर आणि मी आत. त्यामुळे बोट कुणाचं, हे मला कधीच कळत नाही. नुसता दाब कळतो.

मला बसवलं ते या घरच्या बाबांनी. ते वायरमन होते. स्टुलावर चढून स्क्रू आवळताना ते लेकीला, बिटकीला, म्हणाले, "आता बाबा आला की अख्ख्या गल्लीला कळेल!"

"गल्लीचं राहू द्या, मीच दचकून दूध सांडीन," आई म्हणाली.

दचकणं तेव्हा इतकंच होतं.

मग युद्ध सुरू झालं. खंदकांमधून टेलिफोनच्या तारा ओढायला बाबांना नेलं. खिडक्यांवर काळा कागद चढला, शहरावर बॉम्ब पडू लागले. आई घड्याळांच्या कारखान्यात जाऊ लागली; तिथे आता गजराऐवजी बॉम्ब ठरल्या वेळी फोडणारी घड्याळं बनत. पोस्टमनही सैन्यात गेला आणि त्याची पिशवी त्याच्या बायकोच्या खांद्यावर आली. बिटकी तिला टपालमावशी म्हणे.

पत्रांसोबत तिच्या पिशवीत सरकारी लिफाफेही असत. माणूस गेल्याचे. त्यामुळे बेल वाजली की दारापर्यंत येईतो बायका अर्धमेल्या होत. शेवटी तिने घरोघरी सांगून ठेवलं, "वहिनी, साधं पत्र असलं की दोनदा वाजवीन, आखूड. तसलं काही असलं, तर एकदाच, लांब. म्हणजे आधी खाली बसून घ्याल."

शेजारची लांब घंटा मी भिंतीतून ऐकली. त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली.

बाबांची पत्रं यायची. निम्म्या ओळींवर लष्कराने काळी शाई फासलेली, तरी आई ती वाचायची. मग नऊ आठवडे काहीच आलं नाही.

एका दुपारी बटण दाबलं गेलं. मी वाजले आणि वाजतच राहिले. एक, लांब.

आई होती तिथेच जमिनीवर बसली. बिटकी कडीकडे धावली.

"उघडू नकोस!"

"पण आई, कुणीतरी..."

"दार उघडलं नाही, तोवर काही झालेलं नाही. इकडे ये. ये म्हणते ना!"

पुन्हा लांब. मित्रांनो, मला थांबायचं होतं हो! पण बेलीला थांबता येत नाही. तिसऱ्यांदा वाजले. मग पायऱ्या उतरणारी पावलं ऐकू आली. एक पाय फरफटत होता.

इतक्यात रस्त्यावरून टपालमावशीच्या हाका आल्या, "अहो वहिनी! मी इथे खाली आहे, मी नाही वाजवली! दार उघडा, तुमचेच आहेत हे!"

बिटकीने कडी काढली. जिन्यात बाबा उभे होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. बटण त्यांनी कोपराने दाबलं होतं. गल्लीची खूण त्यांना कोण सांगणार?

"मला वाटलं, घरात कुणी उरलंच नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टपालमावशीने दोनदा वाजवली, अगदी हळू. बाबा टेबलाखाली गेले. बाहेर यायला त्यांना फार वेळ लागला.

"तिकडे टेलिफोनची घंटा वाजली की कुणाला तरी पुढे जायचा हुकूम यायचा," ते आईला म्हणाले. "तार मीच जोडलेली असायची."

मग त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, बिटकीला स्टुलावर चढवलं आणि खालून सांगत राहिले. हा स्क्रू सैल कर. आता ती तार सोड. मला बोलतं करणाऱ्याच्या लेकीने मला गप्प केलं.

युद्ध संपून बरीच वर्षं झाली. मी अजून भिंतीवरच आहे. माझ्यावरची धूळ पुसू नका, तारही जोडू नका. एवढंच करा: कुणाच्याही दारी गेलात, तर बटणावरचं बोट चटकन उचला. दार उघडायला उशीर झाला तर चिडू नका. आत कुणीतरी जमिनीवर बसलेलं असेल. बाहेरूनच, मोठ्याने सांगा, "मी आहे."