कोळंबीची केबल

न्हावा शेव्याजवळच्या कंटेनर यार्डात सकाळी सकाळी एकच बोंब उठली. कोळंबीच्या थंड कंटेनरांचं तापमान पडद्यावरून गायब झालं होतं, आणि ते दिसल्याशिवाय खरेदीदाराचा माणूस माल उचलेना. मॅनेजर शहाजीरावांना सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक, रीस्टार्ट.

"सर्व्हर बंद केला तर गेटपण बंद पडेल, सर. आधी बघू तर द्या," सर्व्हर सांभाळणारी रंजिताताई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मागे तिच्या हाताखालचा निकेश उभा होता, दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला. त्याची नोकरी कायम करायची की नाही, ते याच आठवड्यात ताईच्या शब्दावर ठरायचं होतं. आणि काल रात्री सर्व्हरवर अपडेट टाकून तो रीस्टार्ट केला होता निकेशनेच.

तरी ताईचं काम बघत राहावं असंच होतं. बाकीचे धडाधड बटणं दाबतात. ही बाई आधी नुसत्या बघायच्या कमांड देते. बघितल्याने काही मोडत नाही, हा तिचा नेम. तिने 'ब्रिज लिंक' एवढंच टाइप केलं.

चार ओळी उमटायला हव्या होत्या, तीनच उमटल्या. ब्रिज म्हणजे केबल आणि प्रोग्राम यांना जोडणारा सर्व्हरच्या आतला पूल; कुठल्या ब्रिजला काय काय जोडलंय, ते त्यात दिसतं. ऑफिसचा ब्रिज धड होता. कोळंबीच्या ब्रिजला तापमानाचा प्रोग्राम जोडलेला होता, पण यार्डातून येणारी केबल नव्हती. पूल वाशीहून निघावा आणि मानखुर्दला पोचूच नये, तशी गत.

निकेशला आठवलं. मागच्या महिन्यात सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदलताना ती केबल त्याने कमांड देऊन ब्रिजला जोडली होती. सेटिंगच्या फाईलमध्ये नंतर लिहू म्हणाला, ते राहूनच गेलं. नुसतं कमांडने जोडलेलं रीस्टार्टमध्ये पुसलं जातं.

"काय वाटतं?" ताईने मान न वळवता विचारलं.

अपडेटमुळे झालं असेल, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. शहाजीरावांनी ते आनंदाने मानलं असतं.

"ताई, चूक माझी हाय. केबल मीच जोडलेली, फाईलमध्ये लिवली नाय."

ताई उठली. "बस इथे. जोड, आणि आता लिहून ठेव."

त्याने केबल जोडली आणि फाईलमध्ये लिहिली. पडद्यावर आकडे परत आले. कोळंबी गारच होती.

"असल्या माणसाला कायम करायचं?" शहाजीराव कडाडले.

"यालाच," ताई म्हणाली. "कार्ड याने बदललेलं मला माहीत होतं. अपडेटवर ढकललं असतं, तर मीच नको म्हटलं असतं."