फडताळातली पिवळी बाटली

नातवाचं सोयर फिटायचा दिवस, आणि तुकाबाईला धीर म्हणून नव्हता. सून पल्लवी अजून न्हाणीत होती, तरी म्हातारीनं फडताळातून गोमूत्राची बिनलेबलाची पिवळी बाटली काढलीसुद्धा. गोठा मोडून तिथं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यापासून गोमूत्रही बाटलीतूनच यायचं. मुलगा सोमनाथ मुळशीच्या एका रिसॉर्टवर कामाला होता, तो काल रात्री घरी येताना घेऊन येतो म्हणाला होता आणि पहाटेच परत कामावर गेला होता. तिनं बोट बुडवलं आणि आधी बाळाच्या ओठाला लावलं. वास घ्यायचा प्रश्नच नव्हता; कोरोना होऊन गेल्यापासून तिचं नाक नुसतं शोभेला उरलं होतं.

बाळ रडायला लागलं. तेवढ्यात सोमनाथचा फोन आला.

"आये, गोमूत्र द्यायचं राह्यलं बघ. गाडीच्या डिकीतच हाय. दुपारी आणतो."

"मग फडताळात कसली बाटली हाय रं?"

"कंची बाट..." फोन तुटला. मुळशीच्या रेंजला कधी कुणाची दया आली आहे?

हाक मारावी तर पल्लवीला काय सांगायचं? बारा दिवसांच्या लेकराला तुझ्या सासूनं काय चाटवलं, ते तिलाच ठाऊक नाही? तिनं ओल्या फडक्यानं बाळाचे ओठ पुसले. स्वतःचं बोट धुतलं, पुन्हा धुतलं. बुळबुळ काही जाईना.

संडासाचं ॲसिड असेल तर शहाबादी फरशी फसफसते, हे तिला माहीत होतं. उंबऱ्याशी थेंब टाकला. काही झालं नाही. फिनेल पाण्यात दुधासारखं होतं. वाटीत थेंब सोडला, पाणी नितळ राहिलं. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. तरी खात्री पटेना. शेवटी ताटलीत चिमूटभर हळद घेऊन तिच्यावर थेंब टाकला.

हळदीचं कुंकू झालं, लालभडक.

चुन्यानं हळद लाल होते, सोड्यानं होते. गोमूत्रानं होते का? उभ्या जन्मात गोमूत्र हळदीवर टाकून पाहायची बुद्धी कुणाला झाली होती? बाळ आता रडायचं थांबलं होतं आणि ते जास्तच वाईट वाटत होतं. तुकाबाई भ्यायली, पार मुळापासून भ्यायली.

गोमूत्राची चव तिला लहानपणापासून ठाऊक होती. नाक गेलं तरी खारट-तुरट कळायचं. पण मिश्रीनं राठ झालेल्या जिभेला थेंबानं काय कळणार? तिनं बाटली तोंडाला लावून चांगला घोट घेतला.

जीभ पेटली, मग गळा. निम्मं थुंकलं, निम्मं गेलं. ती हाक मारायला गेली तर आवाजच फुटेना. तिनं ताटली उचलून न्हाणीच्या दारावर आपटली.

पल्लवी ओलेत्यानंच धावत आली. तिनं बाटली नाकाशी नेली आणि किंचाळली, "आत्या, ही तर रिसॉर्टच्या भटारखान्यातली चिकट शेगडी धुवायची दवा! ह्यांनीच आणून ठेवलीया!"

शेजारच्या विश्रामनं जीप काढली. बाटली, बाळ, दोघी बायका. पौडच्या दवाखान्यापर्यंत पल्लवी रडत होती आणि तुकाबाई तोंडाला पदर लावून बाळाच्या छातीकडे टक लावून बसली होती. ती हलतेय ना, एवढंच बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, बाळाचं तोंड उघडून टॉर्च मारला, पुन्हा पुन्हा पाहिलं. "ओठ जरा लाल झालाय. आत काही गेलेलं दिसत नाही. लगेच पुसलंत, फार बरं केलंत."

पल्लवी भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टरीणबाईंची नजर तुकाबाईकडे गेली. पदराला रक्त लागलं होतं.

"आजी, तुम्ही प्यायलात? किती? तोंड उघडा बघू."

तुकाबाईनं नकाराची मान हलवली. पदर तसाच घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं बाळाकडे बोट दाखवलं. त्याला अजून एकदा बघा.